वाढदिवस घरच्या पाटावर

दिवाळीच्या आधीच्या अंकात मी या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. 6 ऑक्टोबरला मला 76 वर्षं पूर्ण झाली, त्याच दिवशी कोजागरी होती, आणि घरातल्या सात माणसांखेरीज कुणालाही न बोलावता आम्ही तो दिवस घरीच घालवला, एवढंच. वाचकांच्या प्रश्नांच्या जागेत स्वतःचं लिहिलं म्हणून मला अवघडल्यासारखं झालं होतं. पण त्या चार ओळींवर जी पत्रं आली ती वाचून वाटलं, बरं झालं लिहिलं. उतारवयातल्या वाढदिवसाबद्दल माणसांच्या मनात किती काय साठलेलं असतं! या वेळचं सगळं पान त्या पत्रांना देते.

प्रश्न: मी 74 वर्षांचा आहे. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होतो. येत्या मार्चमध्ये मला 75 पूर्ण होतील. दोन्ही मुलं आणि जावई मिळून हॉल घ्यायचा म्हणतात. दोनशे माणसं, ऑर्केस्ट्रा, पडद्यावर माझा जीवनपट. मला दोन्ही कानांना मशीन आहे. गर्दीत एक अक्षर कळत नाही. मला घरी सगळ्यांबरोबर पंगतीला बसून जेवायचं आहे, बस्स. पण "नको" म्हटलं की मुलं हसतात आणि म्हणतात, बाबा नेहमीच नको म्हणतात. त्यांचं मन मोडायचं नाही. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: काका, तुमच्या मुलांचं एक वाक्य अगदी खरं आहे. आपण नेहमीच नको म्हणतो. नवी चप्पल नको, आणखी एक पोळी नको, दवाखान्यात रिक्षा नको. मुलं लहानपणापासून हे ऐकतात आणि शिकतात की आईबाबांचं "नको" म्हणजे संकोच, तिकडे लक्ष द्यायचं नसतं. म्हणून मनापासूनचं "नको" त्यांना वेगळं ऐकू येत नाही. तेव्हा "नको" हा शब्दच वापरू नका. काय हवं ते सांगा, आणि हॉलची अनामत भरायच्या आधी सांगा.

कानाची गोष्ट आधी काढा. "उगाच खर्च कशाला" असं म्हणालात तर मुलं म्हणतील, खर्चाची काळजी तुम्ही करू नका, आणि विषय संपेल. मागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं हे इचलकरंजीत कुणाला समजावून सांगायला नको. मशीन बोलणं मोठं करतं तसंच ताटल्यांचा आवाज, पंखा, स्पीकर, सगळंच मोठं करतं. हॉलमध्ये दोनशे माणसं तुमच्याशी बोलतील आणि तुम्ही दोनशे वेळा नुसती मान हलवाल. हे मुलांना असंच्या असं सांगा. त्यांना ते ठाऊक नसेल. कानांचा त्रास आपण घरातल्यांपासूनच जास्त लपवतो.

मग कामं वाटून द्या. मुलांना काहीतरी मोठं करायचं आहे, ती त्यांची माया आहे, तिला जागा द्या. जीवनपट जरूर करू दे म्हणावं, पण घरच्या टीव्हीवर लावू दे. एकेक फोटो आला की थांबवायचा आणि तुम्ही सांगायचं, हा कोण, हे कुठलं, त्या दिवशी काय घडलं. नातवंडांपैकी एकाने ते लिहून घ्यायचं. अशी नावं लिहून ठेवली नाहीत तर वीस वर्षांनी त्या फोटोंतली माणसं तुमच्या नातवंडांना अनोळखी होतील. ऑर्केस्ट्राचे पैसे वाचतील त्यात लांबच्या लेकीला किंवा बहिणीला गाडी पाठवून आणता येईल. बाकीची दोनशे माणसं? त्यांना पुढच्या महिनाभरात चार-चार करून चहाला बोलवा. चौघांचं बोलणं तुम्हाला ऐकू येईल.

त्या दिवशी बसायची जागा नीट निवडा. पाठीमागे भिंत असू द्या, समोरच्याच्या तोंडावर उजेड पडू द्या, पंखा हळू ठेवा, कुकरच्या शिट्ट्या आधीच होऊ द्या. एका वेळी एकानेच बोलायचं हे नातवंडांना बजावून ठेवा. जेवण साडेबाराला, अडीचला नव्हे. कुणी म्हणालं की 75 ला ऐंद्री शांत, म्हणजे त्या वयाची शांतीची पूजा, करायची असते, तर तीही घरी होते. एक गुरुजी, सकाळचे दोन-तीन तास. तिला हॉल लागत नाही.

हे एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण माझी साठी. 1971 साली मी सातारच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन जोडून देणारी, म्हणून लागले आणि 2009 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होते. साठी आणि निरोप असं दोन्ही मिळून मुलाने हॉल घेतला. अडीचशे पानं उठली. मला स्टेजवर मखमली खुर्चीत बसवलं आणि मी दोन तास पुष्पगुच्छ घेत राहिले. मुलाने हौसेने केलं, त्याला मी आजही नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी माझी धाकटी बहीण बार्शीहून पहाटेची एसटी धरून आली होती. भूमचा खवा आणवून तिने आदल्या रात्री जागून खव्याच्या पोळ्या केल्या होत्या, मला आवडतात तशा, काठापर्यंत सारण गेलेल्या. ती स्टेजवर आली, डबा माझ्या हातात दिला, फोटोवाला म्हणाला "इकडे बघा", मागचे पुढे सरकले आणि ती खाली उतरली. चारच्या एसटीने परत गेली. आम्ही चार शब्दसुद्धा बोललो नाही. डबा भेटवस्तूंच्या ढिगात गेला. तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा पोळ्यांना बुरशी आली होती. मी तिला फोन करून सांगितलं, पोळ्या फार छान झाल्या होत्या.

ते खोटं सोळा वर्षं माझ्या मनात होतं.

आता यंदाचं सांगते. माझा जन्म 1949 च्या कोजागरीचा. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून तिथी आणि तारीख एकमेकींपासून लांब जातात, अधिक महिना आला की पुन्हा जवळ येतात, आणि दर 19 वर्षांनी दोघींची जवळजवळ गाठच पडते, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. 2006 साली 57 व्या वाढदिवसाला अशी गाठ पडली तेव्हा मी ड्यूटीवर होते. यंदा 76 व्याला पुन्हा पडली. पुढची 95 व्या वर्षी. सुनेने विचारलं, "आई, काय करू या?" तेव्हा पहिल्यांदाच मी "काही नको गं" म्हणाले नाही. म्हणाले, "बार्शीच्या मावशीला आण, चार दिवस ठेवून घे, आणि बाहेरचं कुणी नको."

कोजागरीला आमच्याकडे घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात, आश्विनी करणं म्हणतात त्याला. मी थोरली. आई 1994 साली गेली, तेव्हापासून माझी आश्विनी कुणी केली नव्हती. यंदा बहिणीने केली. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजन ओवाळलं, आणि आई ठेवायची तसा कापसाचा इवलासा पुंजका माझ्या डोक्यावर ठेवला, कापसासारखी पांढरी म्हातारी हो म्हणून. मी झालेच आहे, तरी तिने ठेवला. पोळ्या तिने आमच्याच ओट्यावर केल्या. रात्री गच्चीवर दूध आटत होतं, चारोळ्या आणि जायफळ घालून झालं होतं, मुलं खाली भांडी आणायला गेली होती. तेव्हा मी तिला साठीच्या डब्याचं खरं सांगितलं. ती पातेलं ढवळतच म्हणाली, "अगं ताई, मला माहीत होतं. डबा परत आला तेव्हा घासूनही त्याचा वास जाईना."

काका, हे दोनशे माणसांत झालं नसतं. मार्चला अजून वेळ आहे. आजच मुलांना बसवून सांगा.

प्रश्न: सासूबाईंना या महिन्यात 82 पूर्ण होतील. मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन असतं, सकाळी गोळ्या. कवळी आहे. मागच्या वर्षी केक आणला तर त्यांनी एक घास घेऊन बाजूला ठेवला. मुलांना केक हवाच असतो. या वर्षी घरीच काहीतरी करायचं आहे. त्यांच्यासाठी ताटात काय वाढू? आणि त्या दिवशी त्यांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय, ते बरोबर ना?
— एक सून, डोंबिवली

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, बरोबर नाही. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. पण साठ वर्षं ज्या बाईने चूल सांभाळली तिला स्वतःच्याच वाढदिवसाला दिवाणखान्यात बसवून ठेवलं की तिला पाहुण्यासारखं वाटतं. ओट्याजवळ खुर्ची टाका. निवडायचं, सोलायचं काहीतरी हातात द्या. आमटीला फोडणी त्यांच्या हातची घ्या. मीठ बघायला चमचा त्यांच्याकडे न्या. दमल्या की आपणहून उठतील.

ताटात काय वाढायचं हे मला विचारू नका, त्यांना विचारा. पण "काय खाल?" असं विचारू नका, त्याला उत्तर येईल "काहीही कर." असं विचारा की लहानपणी तुमच्या वाढदिवसाला तुमची आई काय करायची. माझ्या ओळखीच्या एका आजींना हा प्रश्न विचारला तर त्या म्हणाल्या, वाढदिवस कुठला, पण पाऊस लागला की आई कुळथाचं पिठलं आणि मऊ भात करायची, त्यात लसणीचं तेल सोडायची. वाढदिवसाला तेच केलं. आजी दोनदा भात मागून जेवल्या.

कवळीला तीळ आणि शेंगदाण्याचं जाडसर कूट त्रास देतं, खाली जाऊन टोचतं. त्यापेक्षा मऊ चालेल असं करा. सोललेल्या वालाची उसळ, अळूचं फदफदं, मुगाच्या डाळीचं वरण आणि गरम भात, वर लिंबू. भाकरी हवी असेल तर कढीत कुस्करून. गोडाचं किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, अंदाजाने ठरवू नका. सहसा थोडं चालतं, पण त्या जेवणातला भात तेवढा कमी करायचा असतो. जे काही गोड त्या मागतील ते छोट्या वाटीत चार चमचे वाढा, पण खरं वाढा. बिनसाखरेचं काहीतरी आणून "हे तुमच्यासाठी वेगळं" म्हणू नका, त्याने माणूस पंगतीतून उठवल्यासारखा होतो. आमच्या साताऱ्यात कंदी पेढा एकच घेऊन त्याचे चार भाग करतात आणि एक भाग हातावर ठेवतात. तेवढा पुरतो.

वेळ मात्र पाळा. गोळ्या घेऊन झाल्यावर "थांबा, दादा येतोय, फोटो काढू" म्हणून जेवण तासभर लांबलं की साखर एकदम खाली जाते. घाम आला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध वाटलं तर लगेच साखरपाणी द्या. दादा उशिरा आला तर दादाने उशिरा जेवावं.

केक मुलांसाठी आणा, संध्याकाळी कापू दे. त्यात वाईट काही नाही. सकाळ सासूबाईंची, संध्याकाळ मुलांची. दिवस मोठा असतो.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला, मुलगी दुबईला. फेब्रुवारीत यांचा 78 वा वाढदिवस. आम्ही दोघंच घरी असतो. व्हिडिओवर मुलं दिसतात, पण "हॅपी बर्थडे, काय केलंत, बरे आहात ना" एवढं झालं की पुढे कुणाला काही सुचत नाही. फोन बंद केल्यावर घर जास्तच शांत वाटतं. तो दिवस आनंदाचा कसा करायचा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ताई, मी कित्येक वर्षं माणसांना एकमेकांशी जोडून देण्याचं काम केलं. हेडसेट कानाला, समोर कॉर्डचा बोर्ड. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. आमच्या जिल्ह्यात गावोगावी फौजी, त्यांच्या आया पोस्टात येऊन तासन्‌तास कॉल लागायची वाट बघत बसायच्या. एका माउलीचा कॉल मला अजून आठवतो. मुलाचा वाढदिवस होता, अंबाल्याला होता तो. लाइन लागल्यावर ती "जेवलास का रं?" एवढंच तीनदा म्हणाली आणि वेळ संपत आली. मध्ये बोलून वेळ झाल्याचं सांगणं माझं काम होतं. त्या दिवशी मी जरा उशिरा सांगितलं.

आज वेळेची अडचण नाही आणि तरी आपण तीन मिनिटांत उरकतो, कारण फोन समोर धरून फक्त बोलायचं असतं अशी समजूत झाली आहे. बोलू नका. सोबत करा. मुलाला सांगा, अर्धा तास नव्हे, दोन तास फोन चालू ठेव. तुम्ही ओट्याशी नारळ खवताय, फोन तिथे उभा. तो तिकडे कपड्यांच्या घड्या घालतोय, नातवंडं मधूनमधून येताहेत. काही बोलायचं सुचलं तर बोलायचं, नाहीतर भांड्यांचा आवाज ऐकायचा. घरात असंच असतं ना? कुणी सतत एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत नाही.

वेळ मात्र आधी ठरवा. फेब्रुवारीत न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे असतं. तुमचे सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे आदल्या रात्रीचे नऊ, काम संपलेलं, मुलं अजून जागी. तुम्ही रात्री आठला बोलावलंत तर त्याची सकाळची साडेनऊची गडबड. तेव्हा सकाळचीच वेळ घ्या. औक्षण त्याच्यासमोर करा, तिकडून सुनेलाही निरांजन लावून ओवाळू दे. दुबई दीडच तास मागे, मुलीला दुपारच्या जेवणाच्या वेळी धरा. दोघांना एकदम बोलावू नका, एक बोललं की दुसरं गप्प बसतं.

आणि संध्याकाळी घरी कुणीतरी खरं माणूस हवं. शेजारचं एखादं लहान मूल, यांचा जुना पत्ते खेळणारा सोबती. एकच बोलवा. फोन पेल्याला टेकवून ठेवू नका, घसरतो. तांदळाच्या डब्याला टेकवा.

प्रश्न: माझी शाळेतली जन्मतारीख 1 जून. गावातल्या निम्म्या मुलांची तीच. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. बँक, पेन्शन, सगळीकडे तीच आणि दर 1 जूनला शुभेच्छांचे मेसेज येतात, ते मला कधी माझे वाटलेच नाहीत. आई नाही आता. ती एवढंच सांगायची की पानशेत फुटलं तेव्हा तू रांगत होतास, आणि बारशाला फराळाचं होतं म्हणून पाहुण्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. नातवाने विचारलं, आजोबा, तुमचा खरा वाढदिवस कधी? मी काय सांगू?
— एक वाचक, मुळशी

उत्तर: तुमच्या आईने तुम्हाला तारीख दिलेली आहे, फक्त ती कॅलेंडरच्या भाषेत नाही. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. मूल रांगतं आठव्या-दहाव्या महिन्यात. म्हणजे तुमचा जन्म 1960 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमधला. बारसं बाराव्या दिवशी, आणि त्या वेळी घरात फराळ होता. 1960 ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. फराळ सुरू होऊन संपेपर्यंतचे दिवस धरले तरी तुम्ही कोजागरीनंतर आणि दिवाळीच्या आधी, आश्विन वद्यात जन्मलात. आईचं बोलणं एकमेकांशी कसं नेमकं जुळतं बघा.

त्या पंधरवड्यातला एक दिवस निवडा. नातवाला निवडू द्या. कागदावर 1 जून आहे तशीच राहू दे, ती बदलण्याच्या खटपटीत आता पडू नका. पण घरातला वाढदिवस दिवाळीच्या आधी करा आणि त्या दिवशी चकलीचा पहिला घाणा काढा. बारशाला होता तोच फराळ. तुमची आई ज्या शब्दांत सांगायची त्याच शब्दांत नातवाला ही गोष्ट सांगा, तो तुमचा जन्माचा दाखला.

प्रश्न: माझं वय 68. हे जाऊन दहा महिने झाले. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस. दरवर्षी हेच सकाळी उठून माझ्यासाठी चहा करायचे. या वर्षी काहीच करू नये असं वाटतं. सून म्हणते, आई, मी तुम्हाला ओवाळणार. माझी मोठी जाऊबाई म्हणते, आता कसलं ओवाळून घेणं, आणि तू नातवाला ओवाळायला गेलीस तेही मला आवडलं नव्हतं. सुनेला दुखवायचं नाही, जाऊबाईंशी वाद घालायचा नाही. मनातून मला काय वाटतं तेही नीट कळत नाही.
— एक वाचक, कागल

उत्तर: बाई, तुमचं पत्र मी दोन दिवस उशाशी ठेवलं होतं. माझे हे 2016 साली गेले. त्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला मी दार लावून झोपून राहिले होते. म्हणून तुम्हाला "आनंदाने साजरा करा" असं मी सांगणार नाही. काही करावंसं वाटत नसेल तर त्या दिवशी तसंच वाटू दे. सकाळच्या चहाच्या वेळी रडू येईल. येऊ दे. तो चहा त्या दिवशी मुलाला करायला सांगा, सुनेला नव्हे. त्याच्या वडिलांची जागा तेवढ्यापुरती त्याने घ्यावी. कपात साखर किती घालायचे हे त्याला ठाऊक नसेल, ते सांगा, आणि त्यांच्याबद्दल मग आणखी चार गोष्टी सांगा. घरात गेलेल्या माणसाचं नाव निघालं की सगळे गप्प होतात, वाढदिवसाच्या दिवशी तर फारच. तुम्हीच नाव काढा म्हणजे बाकीच्यांना बोलता येईल.

पण ओवाळण्याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. ओवाळून घ्या. औक्षण म्हणजे आयुष्य मागणं. ते तुमच्यासाठी मागायचं आहे, तुमच्या नवऱ्यासाठी नव्हे. तुमचं आयुष्य नवऱ्याबरोबर संपलं असं मानलं तरच औक्षण थांबवायचा प्रश्न येतो, आणि ते मानायला मी तयार नाही. महर्षी कर्व्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केलं. त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली आणि आपण अजून कुंकवाच्या करंड्यापाशी अडखळतो, याचा मला खरोखर राग येतो. तुमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला की कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. एका गावाने एकत्र बसून जे ठरवलं ते एका घराला ठरवता येईल.

नातवाला ओवाळणंही सोडू नका. तुमच्या हातांनी त्याला न्हाऊमाखू घातलं, तापात रात्र-रात्र मांडीवर घेतलं. तेच हात निरांजन धरताना अशुभ कसे होतील?

जाऊबाईंशी वाद नको म्हणता ते मला पटतं. त्याही कुणाचं तरी ऐकून असं म्हणायला शिकल्या असतील. त्यांना टाळू नका, त्या दिवशी जेवायला बोलवा. ओवाळायच्या वेळी त्या बाजूला बसल्या तर बसू दे. माझ्या घरी मला पुन्हा ओवाळलं त्या पहिल्या वर्षी एक जवळची बाई अशीच उठून अंगणात गेली होती. तिसऱ्या वर्षी तिनेच माझ्या पाटाखाली रांगोळी काढली. कुणी तिला समजावलं नव्हतं, ती दरवर्षी येत मात्र राहिली होती.

सुनेला हो म्हणा. तुमची सून स्वतःहून विचारते आहे, तिच्या मनात काही किंतु नाही. ती तबक भरायला घेईल तेव्हा तुम्हाला विचारेल की काय काय ठेवू. सांगा तिला. अक्षता, सुपारी, अंगठी, तुपाचं निरांजन, थोडा कापूस. आणि कुंकू. ती ते ठेवायला कचरली तर करंडा तुम्ही स्वतः उचलून तबकात ठेवा.